नमुन्याचा नमुना

१ नोव्हेंबर १९५६ रोजी, त्या वेळच्या चिकोडी तालुक्यातील बोरगाव या गावी, एकाही शेताचा बांध सरकला नाही, एकाही विहिरीचे पाणी वाढले वा आटले नाही, शिवारातील तंबाखू होती तशीच उभी राहिली आणि माणसे आदल्या संध्याकाळी ज्या मराठीत बोलत होती त्याच मराठीत दुसऱ्या सकाळीही बोलत राहिली. परंतु ज्या राज्याचे गाव म्हणून त्याची सरकारदरबारी ओळख होती ते राज्य मात्र रातोरात बदलले, आणि मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा, एक चंदगड तालुका कोल्हापुराकडे जाऊन, म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. आम्ही सीमाभागातील लोकांनी या घटनेकडे आजवर भाषेच्या, न्यायाच्या आणि आत्मीयतेच्या दृष्टीने पाहिले आहे, व ते योग्यच आहे. मला येथे तिच्या एका निराळ्या अंगाकडे, आणि त्या अंगाच्या आधाराने एका दूरच्या, वरकरणी अगदी परक्या वाटणाऱ्या विद्येच्या इतिहासाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. ती विद्या म्हणजे संगणकाच्या भाषांची रचना, आणि तीतील प्रकरण म्हणजे मेटाऑब्जेक्ट व त्यांचा प्रोटोकॉल. वस्तू तीच राहून तिचा वर्ग बदलतो तो कोणाच्या अधिकाराने, कोणत्या विधीने, आणि त्या बदलात तिचे जुने काय टिकते, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी एकच आहे.

संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदाने राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेस दिला आहे, आणि चौथ्याने असे स्पष्ट केले आहे की त्या अधिकारान्वये केलेला कायदा ही संविधानाची दुरुस्ती मानली जाणार नाही. म्हणजे ज्या ग्रंथात राज्याचे स्वरूप सांगितले त्याच ग्रंथात राज्ये घडविण्याचा व मोडण्याचा विधीही घालून ठेवला आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने या विधीचा उपयोग केला, आणि त्याच्या ११९ व्या कलमाने अशी तजवीज केली की प्रदेश एका राज्यातून दुसऱ्यात गेला एवढ्यामुळे तेथे चालू असलेले कायदे लोपणार नाहीत. सक्षम विधिमंडळ किंवा अधिकारी अन्यथा ठरवीपर्यंत ते पूर्ववत लागू राहतील. त्यामुळे मुंबई इलाख्याचा १८७९ चा जमीन महसुलाचा कायदा म्हैसूर राज्यात गेलेल्या बेळगाव जिल्ह्यात पुढे कित्येक वर्षे जारी राहिला, आणि म्हैसूरचा स्वतःचा महसूल कायदा १ एप्रिल १९६४ पासून अमलात आला तेव्हा कोठे त्याची सत्ता संपली. राज्य बदलले त्या दिवशी रकाने बदलले नाहीत. कोणते टिकावे, कोणते गळावे आणि कोणते नव्याने भरावे याचा हुकूम वरच्या पायरीवरून, यथावकाश आला.

गावाचे दप्तर ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा पायऱ्यांचा भेद शिकवावा लागत नाही. शेतकऱ्याच्या हाती असतो तो उतारा: अमुक नंबर, अमुक क्षेत्र, अमुक आकार, अमुक कब्जेदार. हा उतारा म्हणजे गाव नमुन्यातील एक भरलेले पान. आणि त्या पानावर कोणते रकाने असावेत, त्यांत काय लिहावे व कोणी लिहावे हे ठरविणारा गाव नमुना ही निराळी चीज आहे. पान शेताविषयी बोलते, नमुना पानाविषयी बोलतो, आणि नमुने किती असावेत व एकाचा दुसऱ्याशी ताळा कसा घ्यावा हे सांगणारे महसुली नियम नमुन्यांविषयी बोलतात. मुंबई इलाख्यात १९०३ साली हक्कनोंदणीचा कायदा झाला, १९१३ साली तो महसुलाच्या मूळ कायद्यात सामावला गेला, आणि फेरफाराच्या नोंदवहीला तेव्हापासून जे महत्त्व आले ते आजही उणावलेले नाही. १ मे १९५१ पासून कुळकर्ण्यांची वतने बंद होऊन दप्तर पगारी तलाठ्याकडे गेले, तरी वहीचा विधी तसाच राहिला. नोंद का व कशी बदलली याची नोंद म्हणजे फेरफार. ती चावडीवर लावावी, ज्यांचा हितसंबंध असेल त्यांस सूचना द्यावी, तक्रार आल्यास ती निराळ्या वहीत उतरावी, आणि मामलेदाराच्या अव्वल कारकुनाहून कमी दर्जाचा नसेल अशा अधिकाऱ्याने तपासून ती कायम करावी, असा शिरस्ता त्या कायद्याने घालून दिला. बदलास मज्जाव नाही, पण बदलाची वाट आधीच जाहीर आहे. आणि ती जाहीर असल्यामुळेच एका पानावर फेरफार झाला तरी शेजारचे पान सुरक्षित राहते.

आता संगणकाकडे वळू. नॉर्वेतील ऑस्लो येथे ओले-योहान दाल आणि क्रिस्टन न्यूगोर या दोघांनी १९६७ साली सिम्युला नावाची जी भाषा सिद्ध केली, तिच्यापासून ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग या संप्रदायाचा आरंभ धरतात. या संप्रदायात प्रत्येक वस्तू, म्हणजे ऑब्जेक्ट, हे भरलेल्या पानासारखे असते आणि ज्या नमुन्यावरून ते पान निघाले त्याला क्लास म्हणतात. क्लास सांगतो की या जातीच्या वस्तूला कोणते रकाने असतील, तिला कोणती कामे करता येतील आणि तिने कोणाकडून काय वारशाने घेतले आहे. कित्येक भाषांत हा क्लास प्रोग्राम लिहिताना तेवढा दिसतो. प्रोग्राम चालू झाल्यावर तो भाषेच्या कर्त्याने बांधलेल्या यंत्रणेत गडप होतो, आणि त्याच्याशी बोलण्याची सोय उरत नाही. क्लास हाच एक ऑब्जेक्ट म्हणून समोर ठेवला, त्याला त्याचे रकाने, पूर्वज व वागणूक विचारता आली, तर तो मेटाऑब्जेक्ट झाला. आणि त्याला काय विचारावे, त्याच्यात कोणता बदल करावा, व तो बदल केल्यावर भाषा कशी वागेल याचा जाहीर शिरस्ता ग्रंथबद्ध केला, म्हणजे तो मेटाऑब्जेक्ट प्रोटोकॉल. भाषेच्या कर्त्यांनी आपल्या हाती गुप्त राहिलेले अधिकार अशा रीतीने भाषा वापरणाऱ्यांच्या स्वाधीन केले आणि तसे करताना भाषेची मोडतोड होऊ दिली नाही, ही मला विसाव्या शतकाच्या बौद्धिक इतिहासातील एक थोर घटना वाटते.

नियमांविषयीचे नियम ही कल्पना मात्र पश्चिमेत प्रथम उदय पावली असे नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीतील सुमारे ४००० सूत्रांपैकी बहुतेक शब्दांची सिद्धी सांगतात, पण काही सूत्रे सूत्रांविषयीच बोलतात. सूत्रात सप्तमी विभक्ती आली तर कार्य तिच्या आधीच्या वर्णावर व्हावे, षष्ठी आली तर त्याच्या जागी असा अर्थ घ्यावा, दोन तुल्यबल सूत्रांचा विरोध पडल्यास नंतरचे बलवत्तर मानावे, असे विधी पाणिनीने आपल्या ग्रंथातच घालून ठेवले आहेत. एका सूत्रात तर त्याने असेही सांगून टाकले की व्याकरणात उच्चारलेला शब्द, ती संज्ञा नसेल तर, स्वतःच्या रूपाचा बोधक समजावा. एरवी जो शब्द जगातील वस्तूकडे बोट दाखवितो तो शास्त्राच्या क्षेत्रात पाऊल टाकताच स्वतःकडे बोट दाखवू लागतो, आणि भाषेनेच भाषेचा विचार करण्याचे द्वार उघडते. या जातीच्या नियमांना परिभाषा म्हणतात.

या परिभाषांचा सर्वांत सूक्ष्म विचार ज्याने केला तो नागेशभट्ट काळे हा मूळचा महाराष्ट्रीय. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीस राहून, शृंगवेरपूरच्या रामसिंहाच्या आश्रयाने त्याने ग्रंथरचना केली. भट्टोजी दीक्षितांचे नातू हरिदीक्षित हे त्याचे गुरू. त्याच्या परिभाषेन्दुशेखर या ग्रंथात परिभाषांचे जे प्रकार मानले आहेत त्यांत काही वाचनिक, म्हणजे शब्दांनी सांगितलेल्या, काही लोकव्यवहारातील न्यायाने सिद्ध होणाऱ्या, आणि काही ज्ञापकाने सिद्ध होणाऱ्या आहेत. आणि हा शेवटचा प्रकार आपल्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे. पाणिनीने एके ठिकाणी एखादा शब्द घातला, आणि अमुक परिभाषा गृहीत धरल्यावाचून तो शब्द व्यर्थ ठरत असेल, तर पाणिनीसारखा मितभाषी आचार्य व्यर्थ शब्द घालणार नाही या विश्वासाने वैयाकरण म्हणतात की ती परिभाषा आचार्याच्या मनात होतीच, आणि हा शब्द तिचे ज्ञापक आहे. यंत्रणेच्या कर्त्याने न बोलता घेतलेले निर्णय तिच्या वागण्यावरून ओळखावेत, त्यांना शब्दरूप द्यावे, आणि त्या शब्दरूपाची कसोटी पुन्हा यंत्रणेवरच घ्यावी, हे काम काशीच्या आणि दक्षिणेच्या पाठशाळांतून पिढ्यानपिढ्या चालले होते.

त्या परंपरेचा एक ओघ आपल्या अगदी जवळून वाहतो, याचा मला सीमाभागातील माणूस म्हणून विशेष आनंद वाटतो. नागेशाचा शिष्य वैद्यनाथ पायगुंडे याने परिभाषेन्दुशेखरावर गदा नावाची टीका लिहिली. एकोणिसाव्या शतकात साताऱ्यास राघवेंद्राचार्य गजेंद्रगडकरांनी त्यावरच त्रिपथगा ही टीका लिहिली. त्याच साताऱ्यास भास्करशास्त्री अभ्यंकरांनी शिष्य घडविले, आणि त्यांचे नातू वासुदेवशास्त्री यांनी पुण्यास तत्त्वादर्श ही टीका रचली. गजेंद्रगड कानडी मुलखातले, अध्यापन साताऱ्यास, ग्रंथ संस्कृतात आणि शिष्यमंडळी मराठी, ही वस्तुस्थिती ज्यांना सीमा म्हणजे केवळ कुंपण वाटते त्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. १८६६ पासून १८८१ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असलेल्या फ्रान्झ कीलहॉर्न या जर्मन पंडिताने, पुण्यातील शास्त्र्यांच्या साहचर्यात, परिभाषेन्दुशेखर १८६८ साली संपादून मुंबईच्या संस्कृत मालेत छापला आणि १८७४ पर्यंत त्याचे इंग्रजी भाषांतर पुरे केले. वासुदेवशास्त्र्यांचे चिरंजीव काशिनाथ वासुदेव अभ्यंकर यांनी १९६७ साली भांडारकर संस्थेतर्फे परिभाषासंग्रह प्रसिद्ध करून निरनिराळ्या संप्रदायांच्या परिभाषा एकत्र आणल्या.

यावरून पाणिनीने संगणक शोधला अशी घोषणा करण्याचा मोह कित्येकांना होतो. तो आवरला पाहिजे. पी. झेड. इंगरमन या अमेरिकन लेखकाने १९६७ साली संगणकाच्या भाषांच्या व्याकरणलेखनाच्या एका प्रसिद्ध पद्धतीस पाणिनीचे नाव जोडावे अशी सूचना केली, ती रास्त आदराची होती. पुढे तिच्या नावावर ज्या वल्गना झाल्या त्यांचा तिच्याशी संबंध नाही. पाणिनीच्या शास्त्रात आणि मेटाऑब्जेक्ट प्रोटोकॉलात एक मूलभूत अंतर आहे, आणि ते लपविल्याने दोघांचाही गौरव होत नाही. परिभाषा जाणणारा वैयाकरण पाणिनीचे मन ओळखू शकतो, पण अष्टाध्यायीची एक खाजगी शाखा काढून तीत विरोधपरिहाराचा निराळा नियम चालू करण्याचा अधिकार त्याला नाही. नियमांचे नियम वाचण्याकडून ते रीतसर बदलण्याकडे जाणारी वाट विसाव्या शतकात तयार झाली.

तिचे पहिले पाऊल लिस्प या भाषेत पडले. एम.आय.टी.तील जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात लिस्पच्या पदावलींचे मूल्य काढणारी यंत्रणा लिस्पच्याच शब्दांत लिहून दाखविली. ती तत्त्वचर्चेसाठी होती, पण स्टीव्ह रसेल यांनी ती आयबीएम ७०४ या यंत्रासाठी प्रत्यक्ष बसविली आणि भाषा चालू झाली. भाषेची व्याख्या त्याच भाषेत, आणि ती व्याख्या म्हणजेच यंत्र. दुसरे पाऊल कॅलिफोर्नियात, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात पडले. तेथे ॲलन के, डॅन इंगाल्स, ॲडेल गोल्डबर्ग प्रभृतींनी घडविलेल्या स्मॉलटॉक या भाषेत सर्वच ऑब्जेक्ट, म्हणून क्लासही ऑब्जेक्टच, असा आग्रह होता. क्लास ऑब्जेक्ट म्हटला की त्याचाही क्लास हवा. स्मॉलटॉक-८० मध्ये प्रत्येक क्लासला त्याचा स्वतःचा मेटाक्लास मिळाला, सर्व मेटाक्लास हे मेटाक्लास नावाच्या एका क्लासचे झाले, आणि त्या क्लासचा मेटाक्लासही पुन्हा त्याच क्लासचा, अशी गाठ मारून ही चढण थांबविण्यात आली. शिकणाऱ्यांस ही गाठ सोडविता सुटत नसे, आणि १९८७ साली बोर्निंग व ओशे यांनी मेटाक्लास काढून टाकण्याची शिफारसही केली. शिवाय हा मेटाक्लास आपोआप जन्मास येई. कोणत्या क्लासला कोणता मेटाक्लास द्यावा हे ठरविण्याची मुखत्यारी वापरणाऱ्यास नव्हती. पिएर कोएंत या फ्रेंच संशोधकाने १९८७ साली ऑब्जव्हीलिस्प या आपल्या रचनेत हे बंधन काढून मेटाक्लासला सामान्य क्लासच्या बरोबरीचा दर्जा दिला.

तत्त्वज्ञानाच्या अंगाने या प्रश्नाचा तळ गाठला तो ब्रायन कँटवेल स्मिथ यांनी. १९८२ च्या आपल्या एम.आय.टी.तील प्रबंधात त्यांनी थ्री-लिस्प नावाची भाषा मांडली, जीत प्रोग्राम आपल्याला चालविणाऱ्या प्रोग्रामकडे वळून पाहू शकतो, त्यालाही चालविणारा त्याच्यावर असतो, आणि ही उतरंड तत्त्वतः अनंत आहे. अनंत उतरंड सान्त यंत्रावर कशी चालवावी हे दाखविण्याच्या कामी त्यांचे सहकारी होते जिम द रिव्हिएर, आणि हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. ब्रुसेल्सच्या पॅटी मॅस यांनी १९८७ साली प्रत्येक ऑब्जेक्टला त्याचा स्वतंत्र मेटाऑब्जेक्ट असावा ही कल्पना थ्री-केआरएस या भाषेत उतरविली. या साऱ्या कृती बुद्धीला दिपविणाऱ्या होत्या. रोजच्या व्यवहारात मात्र त्या फार मंद चालत, आणि आत्मज्ञान महाग आहे अशी समजूत त्यांनी रूढ केली.

ही समजूत मोडण्याचा प्रसंग एका अगदी व्यावहारिक तंट्यातून आला. लिस्पच्या निरनिराळ्या घराण्यांनी ऑब्जेक्टचे निरनिराळे संप्रदाय काढले होते: एम.आय.टी.च्या लिस्प यंत्रांवर फ्लेवर्स, झेरॉक्सकडे बॉब्रो व स्टेफिक यांची लूप्स, आणि १९८६ साली तिच्या पोटी आलेली कॉमनलूप्स. १९८६ साली स्थापन झालेल्या एक्स-थ्री-जे-थर्टीन या प्रमाणीकरण समितीपुढे सर्वांसाठी एकच पद्धत ठरविण्याचे काम आले. प्रत्येक घराण्याचे जुने प्रोग्राम होते, जुन्या सवयी होत्या, आणि एकाची सोय ती दुसऱ्याची अडचण. अशा वेळी एकच रचना सर्वांवर लादणे हा एक मार्ग. रचनेचे निर्णय ज्या जागी घेतले जातात त्या जागाच उघड्या करून ठेवणे हा दुसरा. कॉमन लिस्प ऑब्जेक्ट सिस्टिम, म्हणजे क्लॉस, हिचे पहिले दोन अध्याय १९८८ च्या जूनमध्ये समितीने स्वीकारले. डॅनियल बॉब्रो, लिंडा डिमिशेल, रिचर्ड गॅब्रिएल, सोन्या कीन, ग्रेगर किझालेस आणि डेव्हिड मून हे त्यांचे लेखक. तिसरा अध्याय मेटाऑब्जेक्ट प्रोटोकॉलाचा होता. तो स्वीकारला गेला नाही, आणि १९९४ च्या अमेरिकन प्रमाणग्रंथात तो नाही.

परंतु प्रमाणग्रंथाबाहेर राहिलेला हा अध्याय वाया गेला नाही. किझालेस, द रिव्हिएर आणि बॉब्रो या तिघांनी १९९१ साली एम.आय.टी. प्रेसतर्फे द आर्ट ऑफ द मेटाऑब्जेक्ट प्रोटोकॉल हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्याच्या उत्तरार्धात त्या प्रोटोकॉलाचे संपूर्ण विवरण दिले. पूर्वार्धात त्यांनी क्लोझेट नावाची लहानशी प्रतिकृती वाचकाच्या डोळ्यांदेखत बांधली आहे. आधी बंद, मग एकेक झडप उघडीत. त्यांचे आरंभीचे उदाहरण असे: एका क्लासच्या वस्तू म्हणजे केवळ स्थाने, ज्यांना दोनच रकाने आहेत आणि ते सतत वापरले जातात, दुसऱ्या क्लासच्या वस्तू म्हणजे व्यक्ती, ज्यांना असंख्य रकाने असू शकतात पण प्रत्येक व्यक्तीचे थोडेच भरलेले असतात. पहिल्यासाठी रकाने ओळीने मांडलेले बरे. दुसऱ्यासाठी जेवढे भरले तेवढ्यांचीच सूची ठेवलेली बरी. भाषेचा कर्ता यांतील एक रीत निवडून मोकळा होतो, आणि ती ज्याला गैरसोयीची त्याने मुकाट्याने सोसावे अशी आजवरची चाल होती. या ग्रंथाने सांगितले की ज्या मेटाऑब्जेक्टाच्या हाती ही निवड आहे त्याचा उपवर्ग, म्हणजे त्याचा वारसा घेणारा क्लास, काढा, रकान्यांची मांडणी करणारी तेवढी क्रिया आपल्या उपवर्गापुरती बदला, आणि आपल्या क्लासला तो उपवर्ग लावा. ज्याने तो लावला नाही त्याचा प्रोग्राम जसाच्या तसा चालेल.

येथे या प्रोटोकॉलाची खरी मर्यादा आणि तिच्यातच त्याचे बळ आहे. मूळ प्रमाणवर्गाच्या क्रिया फिरवून टाकण्यास सक्त मनाई. आपल्या उपवर्गासाठी त्या विशेष करून घेण्यास पूर्ण मुभा. मंदपणाच्या आक्षेपालाही असेच विचारपूर्वक उत्तर दिले आहे. पूर्वजांचा क्रम काय, कोणत्या प्रसंगी कोणती मेथड, म्हणजे काम करण्याची रीत, लागू, यांसारखे निर्णय मेटाऑब्जेक्टाकडून शक्यतो एकदाच काढून घ्यावेत आणि ते साठवून पुढे वापरावेत, अशा बेताने क्रियांची वाटणी केली आहे. दर वेळी कचेरीत हेलपाटा घालण्याचे कारण पडत नाही. थ्री-लिस्पच्या अनंत उतरंडीचे येथे जे झाले ते ज्यांना तत्त्वज्ञानाची अधोगती वाटते त्यांच्याशी मी सहमत नाही. उतरंडीतील उपयोगाच्या तेवढ्या पायऱ्या निवडून त्यांवर कठडा बसविणे हे वास्तुशास्त्र आहे, आणि द रिव्हिएर यांचे नाव दोन्ही कामांत आढळते हा योगायोग नसावा.

बोरगावच्या प्रश्नाचे उत्तर क्लॉसमध्ये नेमके सापडते. तीत चेंज-क्लास नावाची क्रिया आहे. ती वस्तूला दुसऱ्या क्लासमध्ये नेते, पण वस्तूची ओळख तीच राहते. ज्यांच्यापाशी त्या वस्तूचा पत्ता आहे त्यांना काहीही कळवावे लागत नाही. दोन्ही क्लासमध्ये ज्या नावाचे रकाने आहेत ते आपल्या मजकुरासह टिकतात, नव्या क्लासमध्ये नसलेले गळतात, आणि नव्याने आलेले भरण्यासाठी एक निराळी क्रिया बोलावली जाते, जिच्यात जुन्याचे नव्यात काय करावे हे प्रोग्राम लिहिणाऱ्याने आपल्या शब्दांत सांगावयाचे असते. पुनर्रचना कायद्याचे ११९ वे कलम हेच काम करीत होते. १ नोव्हेंबर १९७३ रोजी म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले तेव्हा क्लास तोच राहून त्याचे नाव बदलले, आणि क्लॉसमध्ये क्लासचे नाव बदलण्याचीही निराळी क्रिया आहे. मात्र एक फरक मनाला लागतो. प्रोटोकॉलात जुन्या रकान्यांचे काय करावे हे सांगण्याची जागा वस्तूच्या बाजूने लिहिणाऱ्यास आधीच मोकळी ठेवलेली असते. आमच्या गावांच्या बाबतीत लोकांचे म्हणणे त्या जागी वेळेवर पोहोचले नाही. सीमाप्रश्नासाठी १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ साली अहवाल दिला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, आणि उताऱ्यावरील मजकुराची भाषा मधल्या काळात कन्नड झाली.

पुढचा इतिहास झपाट्याने सांगता येण्यासारखा आहे. जावा या भाषेने १९९७ साली क्लासला प्रश्न विचारण्याची सोय दिली, बदलाची मात्र फारशी नाही. पायथनने २००१ च्या अखेरच्या आवृत्तीत मेटाक्लास सर्वांच्या आटोक्यात आणले, आणि रुबीने आपल्या स्वभावातच तो मोकळेपणा मुरविला. किझालेस यांनी स्वतः १९९७ च्या सुमारास ॲस्पेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगकडे मोर्चा वळविला. या सर्वांत सोय वाढली; पण १९९१ च्या ग्रंथातील कराराची शिस्त, म्हणजे काय बदलता येईल याबरोबरच काय बदलता येणार नाही हेही लिहून देण्याची शिस्त, कोठेही तितक्या निष्ठेने पाळलेली मला दिसत नाही.

पुण्याचा भाग मात्र घाईने टाळण्याजोगा नाही. फकीरचंद कोहली यांच्या प्रेरणेने टाटा समूहाने १९८१ साली पुण्यात टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्र स्थापिले. हडपसरच्या त्या केंद्रात विनय कुलकर्णी, श्रीधर रेड्डी आदी संशोधकांनी असा मार्ग धरला की व्यवसायाची रचना एकदा मॉडेलच्या रूपाने लिहावी आणि निरनिराळ्या यंत्रणांसाठी लागणारे प्रोग्राम तिच्यावरून निर्माण करावेत. मॉडेल लिहावयाचे तर मॉडेल कशाला म्हणावे हे सांगणारे मेटामॉडेल हवे, आणि मेटामॉडेलांचीही भाषा हवी. ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९७ साली मेटा ऑब्जेक्ट फॅसिलिटी या नावाने ती भाषा प्रमाण केली, आणि तिची सर्वांत वरची पायरी स्वतःचे वर्णन स्वतःच करते. एका मॉडेलचे दुसऱ्यात रूपांतर कसे करावे याचे प्रमाण ठरविण्याचे आवाहन या संघटनेने २००२ साली केले, तेव्हा प्रस्ताव मांडणाऱ्यांत हे केंद्र चालविणाऱ्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचा समावेश होता, आणि त्या प्रमाणाची पहिली पक्की आवृत्ती २००८ साली निघाली. ज्या पुण्यात कीलहॉर्नने परिभाषा छापल्या त्याच पुण्यातून नियमांच्या नियमांचा एक आधुनिक मसुदा जगाच्या सभेत गेला, ही गोष्ट मराठी वाचकांना सांगण्याची जबाबदारी मराठी नियतकालिकांनी अद्याप घेतलेली नाही.

माझी विनंती दोन ठिकाणच्या विद्वानांना आहे. विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून बेळगावात आहे, आणि निपाणी-बोरगावकडील कितीतरी मुले त्याच्या व कोल्हापूर-सांगलीच्या महाविद्यालयांतून ही विद्या शिकतात. पुण्यास परिभाषेन्दुशेखर शिकविणारे वैयाकरण आजही आहेत. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी पतंजलीचे सबंध महाभाष्य मराठीत उतरविले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीने ते छापले. त्याच तोलाचे, सटीप, उदाहरणे आपल्या व्यवहारातून घेतलेले असे विवरण या १९९१ च्या ग्रंथाचे मराठीत व्हावे. ते वैयाकरण आणि प्रोग्राम लिहिणारा अशा दोघांनी एकत्र बसून लिहावे. आणि त्याची पहिली प्रत सीमाभागातील एखाद्या वाचनालयात ठेवावी.